बेचाळीसच्या जूनचं घड्याळ

माझ्या नणंदेचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना मी कुणी भली बाई आहे असा कुणाचा समज व्हायला नको. नणंद-भावजयीचं बिनसलं म्हटलं की लोक साडी, दागिने, सासूबाईंची लाडकी कोण, असलं काहीतरी धरून चालतात. आमचं बिनसलं ते एका प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तारखा कशा ठेवाव्यात यावरून. बिनसलं तेही फक्त माझ्या बाजूने. तिला बिचारीला बरेच दिवस पत्ताच नव्हता. हे ‘बिचारी’ मी मुद्दाम लिहिलं आहे, लिहिताना बरं वाटतं.

आम्ही बोरी बुद्रुकला राहतो. नवरा पारगावच्या कारखान्यावर नोकरीला जातो, मी घरात बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करते. धाकटी नणंद पिंपरी पेंढारला दिली आहे आणि जुन्नरला कम्प्युटरचा क्लास चालवते. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती अकरावीत होती. तिने आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम लिहिला तो माझ्या लॅपटॉपवर, माझ्या शेजारी बसून, आणि त्यातला स्वल्पविराम कुठे राहिला ते मीच दाखवलं. ती दर रविवारी माहेरी येते आणि पूर्वी आली की आईला भेटायच्या आधी माझ्या टेबलाशी यायची. सासूबाई म्हणायच्या, “ही माझी पोरगी का तुझी?” तेव्हा मला फार भारी वाटायचं.

नोकरीबाहेर माझं आणखी एक काम आहे. त्याचे पैसे मिळत नाहीत, पण खरा जीव त्यातच आहे. ज्या भाषेत मी प्रोग्रॅम लिहिते ती कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरची माणसं ती फुकट सांभाळतात, सुधारतात. कुणालाही सूचना मांडता येते, मग तिच्यावर चर्चा होते, बाकीचे हरकती घेतात, आणि सगळ्यांना पटलं तर ती भाषेत येते. नऊ वर्षांपूर्वी मी तिथे शिरले आणि तारीख-वेळेचा कोपरा धरून बसले. हा कोपरा कुणालाच नको असतो. कुठल्या देशाने कुठल्या साली घड्याळ पुढे घेतलं, कुठे मागे घेतलं, कुठे अर्ध्या तासाने सरकवलं, याचं एक भलंमोठं टेबल, म्हणजे कोष्टक, असतं. लोक ते बघून पळतात. मला ते पाठ व्हायला लागलं. आपल्या देशाच्या ओळी तर झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

त्या भाषेत एक जुनी खोट आहे. तिला नुसती तारीख कळत नाही, क्षण कळतो. तुम्ही तिला ‘पाच मार्च’ असं सांगितलं की ती गपचूप त्याला रात्रीचे बारा वाजल्याचं चिकटवते, मग ते बारा कुठल्या गावचे हे ठरवते, आणि ग्रिनिचच्या घड्याळाप्रमाणे किती वाजले ते लिहून ठेवते. पुन्हा वाचताना उलटा प्रवास. जाताना एक हिशोब आणि येताना दुसरा लागला, तर पाच मार्चची चार मार्च होते. माझं म्हणणं साधं होतं: भाषेत ‘नुसती तारीख’ असा वेगळा प्रकार आणा. तिला घड्याळ नको, गाव नको, काही नको. मी तसं प्रपोजल लिहिलं, उदाहरणं दिली, आकृत्या काढल्या. दोन वर्षं ते पडून राहिलं. दर तीन महिन्यांनी कुणीतरी यायचं आणि लिहायचं की कल्पना चांगली आहे, पण याने खरोखर कुणाचं अडलंय ते दाखवा. मी आणखी एक आकृती काढायचे.

आता आमच्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, बरीच वर्षं पिंपरी पेंढारलाच. त्यांची जन्मतारीख एक जून. आमच्या तालुक्यात ऐंशीच्या आसपासचं कुठलंही माणूस घ्या, निम्म्याहून जास्त जण एक जूनला जन्मलेले सापडतील. त्याचं कारण अण्णांसारखेच मास्तर. पोराला शाळेत घालायला बाई यायची, मास्तर विचारायचे कधीचं, बाई सांगायची पेरणीच्या आधीचं, नाहीतर भाताच्या लावणीत पोटात होतं. मास्तर पोराला नीट बघायचे, दात बघायचे, वर्षाचा अंदाज बांधायचे आणि रजिस्टरला एक जून लिहायचे. शाळा जूनमध्ये भरायची, त्यामुळे पोरगं वयात बसायचं आणि कुणाचा खोळंबा व्हायचा नाही. अण्णांची स्वतःची तारीखही अशीच कुणा मास्तरने लिहिलेली, एक जून चव्वेचाळीस. छप्पन साली आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा आपण बारा वर्षांचे होतो असं ते सांगतात आणि लगेच पुढे जोडतात, “म्हणजे शाळेच्या हिशोबानं.”

गावातल्या ज्येष्ठ मंडळींचा एक संघ आहे. त्यांच्यासाठी अण्णांच्या सांगण्यावरून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. सभासदांची यादी, जन्मतारखा, आणि ज्याच्या त्याच्या वाढदिवसाला सकाळी मोबाइलवर शुभेच्छा. एका दुपारी बसून लिहिला. दहा महिने तो बरा चालला, म्हणजे इतरांचे वाढदिवस बरोबर येत होते. मग मेच्या एकतीस तारखेला सकाळी अण्णा नाश्त्याला बसले होते आणि त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी चष्मा लावून मेसेज वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बाई, एकतीस मेला मास्तर लोक रिटायर होत्यात. मला परत रिटायर केलं का काय तुझ्या कम्प्युटरनं?”

एक जूनवाले सगळे मास्तर एकतीस मेला सुटतात, त्यावरचा हा त्यांचा विनोद होता. आणखी तिघांना तसाच एक दिवस आधी मेसेज गेला होता. बाकीच्या एक जूनवाल्यांना दुसऱ्या दिवशी बरोबर गेला. मी प्रोग्रॅम उघडला, वरवर बघितला आणि यादी भरणाऱ्या चिटणीसकाकांनी चौघांच्या तारखा चुकीच्या टाकल्या असतील असं सांगून मोकळी झाले. चिटणीसकाकांनी वही आणून दाखवली, वहीत एक जूनच होतं. मी म्हटलं, मग टाइप करताना चुकलं असेल. वय झालं की होतं असं. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणाले, आणि ते वही घेऊन गेले.

रविवारी नणंद आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कम्प्युटर उघडायच्या ऐवजी अण्णांशी गप्पा मारत बसली. हे चौघं कोण, कुठले, कुणापेक्षा कोण मोठं. मी आत कांदे चिरत होते. तासाभराने ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“वहिनी, चारी म्हातारी त्रेचाळीस ते पंचेचाळीस सालातली हायेत. त्याच्या अलीकडचं पलीकडचं कुनीच न्हाई. हे बगितलं व्हतं का तुमी?”

मी बघितलं नव्हतं. पण तिने सालं उच्चारली त्याच क्षणी मला सगळं कळलं. दुसऱ्या महायुद्धात सरकारने इथली घड्याळं एक तास पुढे घ्यायला लावली होती. ते माझ्या पाठ टेबलातच होतं. भाषेला ते टेबल माहीत होतं, म्हणून तारीख लिहिताना तिने ग्रिनिचपेक्षा साडेसहा तास पुढचा हिशोब धरला. वाचायची ओळ मात्र मी लिहिलेली होती. आपल्या देशात कुठे घड्याळ मागे-पुढे होतं, या घमेंडीत मी तिथे साडेपाच तास हाताने लिहून टाकले होते. एक तास कमी पडला आणि चार म्हाताऱ्यांची मध्यरात्र आदल्या रात्रीच्या अकरावर जाऊन बसली. परदेशातल्या लोकांना दोन वर्षं मी हेच समजावत होते, आणि स्वतःच्या गावाचा प्रोग्रॅम लिहिताना तीच चूक केली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं, की हो, कळलं मला. मी म्हणाले, “असं का? बघू मग.”

ती थांबली नाही. जुन्नरला तिचा क्लास एका घड्याळजीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. तीन पिढ्यांचं दुकान. दुसऱ्या दिवशी तिने खाली जाऊन त्या चाचांना विचारलं, त्रेचाळीस-चव्वेचाळीस सालात घड्याळांचं काही झालं होतं का. चाचांनी भिंगातून डोळा न काढता सांगितलं, “झालं व्हतं ना. अब्बा सांगायचे, लढाईच्या टायमाला सरकारनं तासभर पुढं करायला लावली. गिऱ्हाइकं भांडायची, सूर्य तिथंच हाय न् बारा कसे वाजले म्हनून.” मी नऊ वर्षं टेबल घोकलं, आणि हिने जिना उतरून पाच मिनिटांत ते काढलं. रात्री तिने मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मी वा वा म्हटलं. तोंडदेखलं वा वा करायला किती श्रम पडतात हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या रविवारी ती आली ती लॅपटॉप उघडाच धरून. माझ्या त्या पडून राहिलेल्या प्रपोजलच्या चर्चेत टाकायला तिने एक टिपण लिहिलं होतं.

“वहिनी, जरा वाचून देता का? इंग्लिश बराबर हाय का न्हाई, अन् आकडे पन बगा. तुमाला सगळं पाठ हाय.”

मी मेथी निवडत होते. हात पुसले आणि वाचायला लागले.

तिचं इंग्रजी साधं होतं, शाळेतल्या निबंधासारखं. तिने मास्तरांबद्दल लिहिलं होतं, पोराचे दात बघण्याबद्दल, पेरणीबद्दल. घड्याळजींच्या अब्बांबद्दल. मग लिहिलं होतं की आमच्या गावात एक जूनला जन्मलेल्या माणसाचा तो दिवस कुणी बघितलेला नाही, तो मास्तरने दिलेला आहे. त्या तारखेला मध्यरात्र नाहीच, मग तुमची भाषा ती कुठून आणते?

 हे वाक्य मी लिहायला हवं होतं. माझ्या दोन वर्षांच्या सगळ्या आकृत्या एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. अण्णा माझ्या घरात राहतात, त्यांचा चहा मी करते, एक जूनची गोष्ट मी पंचवीस वेळा ऐकली आहे, आणि त्यातलं एक अक्षर माझ्या प्रपोजलमध्ये नव्हतं. मला वाटलं होतं, असल्या गावाकडच्या गोष्टी तिथे सांगितल्या तर लोक हसतील. मी किती वर्षं गावाकडची दिसू नये म्हणून जपून लिहीत होते, आणि ही सरळ मेथीच्या जुडीसारखी मुळं-मातीसकट येऊन बसली होती.

आणि मग मला चूक दिसली. तिने लिहिलं होतं, एक्केचाळीसच्या ऑक्टोबरपासून पंचेचाळीसच्या ऑक्टोबरपर्यंत इथली घड्याळं सलग एक तास पुढे होती, म्हणून त्यामधल्या प्रत्येक एक जूनचं असं होतं. ते सलग नव्हतं. बेचाळीसच्या मेच्या मध्यावर घड्याळं परत मागे घेतली होती, आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा पुढे. मधला उन्हाळ्याचा शेवट आणि पावसाळा नेहमीच्याच वेळेने गेला. बेचाळीसच्या एक जूनला घड्याळ जागेवर होतं. आमच्या संघात बेचाळीसचं कुणी नव्हतं, म्हणून तिला ते दिसायचं कारण नव्हतं. मला दिसलं. टेबलातली ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली, तारखेसकट.

तिथली मंडळी मला माहीत होती. एवढा मोठा दावा करायचा आणि साल चुकवायचं, म्हणजे ते पहिल्या तासात पकडणार. मग गावाच्या गोष्टी वगैरे कोण वाचतो, आकडा चुकला की माणूस गेला. एक ‘सलग’ शब्द खोडून बेचाळीस वगळलं असतं तर टिपण चोख झालं असतं.

मी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला आणि म्हणाले, “छान लिहिलंयस. टाक.”

“आकडे?”

“बरोबर आहेत.”

तिने तिथेच, मेथीच्या काड्यांशेजारी बसून ते टाकलं. मग माझ्याबरोबर उरलेली मेथी निवडली.

दोन दिवस मी दर तासाला ते पान उघडून बघत होते. कंपनीचं काम पडलं होतं. पहिल्यांदा कौतुकाचा पाऊस पडला. जी माणसं माझ्या प्रपोजलवर तीन महिन्यांतून एकदा दोन ओळी लिहायची, ती रांगेने येऊन लिहीत होती. कुणी लिहिलं आमच्याकडेही असंच होतं. कुणी लिहिलं की हे वाचून पहिल्यांदाच मुद्दा कळला. पहिल्यांदाच! मी दोन वर्षं काय भिंतीशी बोलत होते? नवरा म्हणाला, “अगं, चांगलंच झालं ना, तुझंच काम पुढं गेलं.” त्याच्याशी मी दिवसभर बोलले नाही. अण्णांना कळलं तेव्हा तेही खूश झाले आणि म्हणाले, गुरूने शिष्याकडून हरावं यासारखा मान नाही. ज्याने कुणी हे म्हणून ठेवलंय त्याची शिष्या नणंद नसणार, असं मी मनात म्हटलं.

मंगळवारी दुपारी ते आलं. फार दूरच्या देशातला एक जुना माणूस, माझ्यासारखाच टेबलात राहणारा. त्याने सभ्यपणे लिहिलं होतं: लेख सुंदर आहे, पण बेचाळीसच्या जूनमध्ये भारतातली घड्याळं पुढे नव्हती, लेखिकेने टेबल पुन्हा बघावं. मी उठून चहा केला. साखर जरा जास्तच घातली. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

पाच वाजता तिचा फोन आला. “वहिनी, लई मोठी चूक झाली वो. सगळ्यांपुढं.” आवाज रडवेला होता. मी तिला म्हणाले, होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस, लोक विसरतात. अगदी मऊ आवाजात म्हणाले. तिने विचारलं आता काय करू. मी म्हणाले, काही करू नकोस, दोन दिवस गप्प बस. तिने गप्प बसावं आणि ते पान थंड व्हावं, हे मला हवं होतं.

ती गप्प बसली नाही. संध्याकाळी मी दिवाबत्ती करून पान उघडलं तर तिचं उत्तर आलेलं होतं.

तिने लिहिलं होतं, चूक माझी आहे, आभार. मधले साडेतीन महिने मला माहीत नव्हते. पण एक गोष्ट सांगते. माझी वहिनी या कामात नऊ वर्षं आहे. हे प्रपोजल तिचं आहे. आमच्या देशाचं टेबल तिच्याइतकं पाठ असलेलं दुसरं माणूस मला माहीत नाही. टाकायच्या आधी हे टिपण मी तिला वाचायला दिलं होतं, आकडे बघा म्हणून सांगितलं होतं, आणि तिच्याही नजरेतून हे निसटलं. तिच्या नजरेतून निसटत असेल, तर ज्येष्ठ संघासाठी यादी बनवणाऱ्या कुठल्याही माणसाने हे टेबल डोक्यात ठेवावं अशी अपेक्षा तुम्ही कशी करता? वाढदिवस सांगायला टेबल लागूच नये.

मी ते तीनदा वाचलं. त्याखाली तो जुना माणूस पुन्हा आला होता. त्याने एकच ओळ लिहिली होती, की यापेक्षा मोठा पुरावा मला नको. आणि मग मला उद्देशून लिहिलं होतं, वाईट वाटून घेऊ नका, माझ्याही हातून अशा चुका झाल्या आहेत. त्याच्याखाली आणखी चौघा-पाचजणांनी मला धीर दिला होता.

बसल्या जागी अंगाची लाही लाही झाली. हातात काय होतं माझ्या? ‘मला माहीत होतं’ असं लिहिलं असतं, तर नऊ वर्षांत कमावलेलं जाणतेपण परत मिळालं असतं, पण मग पुढचा प्रश्न आला असता की माहीत होतं तर सांगितलं का नाही. आणि तो प्रश्न फक्त तिथे आला नसता, बोरीतल्या घरात आला असता. नाही लिहिलं तर जगभरच्या त्या मंडळींत मी कायमची अशी बाई झाले असते, जिला स्वतःच्या देशाच्या चार ओळी येत नाहीत. त्यातून तो सगळा पुरावाच खोटा होता. माझ्या नजरेतून काहीही निसटलं नव्हतं. मी एवढंच लिहिलं, “धन्यवाद, पुढे काळजी घेईन.”

दीड महिन्यात प्रपोजल मंजूर झालं. ‘नुसती तारीख’ त्या भाषेत आली. आता कुणीही तीत एक जून लिहिलं तर तो एक जूनच राहतो. मंजुरीच्या कागदावर माझं नाव पहिलं आहे, तिने हट्टाने घालायला लावलं, आणि दुसरं तिचं. पण बोलताना सगळे त्याला ‘एक जूनचा प्रश्न’ म्हणतात, आणि एक जून म्हटलं की त्यांना तिचं नाव आठवतं. तारीख-वेळेचा कोपरा सांभाळायला त्यांना एक कायमचं माणूस हवं होतं. त्यांनी तिला विचारलं. ती जागा मला हवी आहे हे मी कधी तोंडाने बोलले नव्हते, मला वाटायचं दुसरं आहेच कोण. संघाचा प्रोग्रॅम तिनेच दुरुस्त केला आणि चिटणीसकाकांकडे जाऊन माझ्या वतीने माफी मागून आली. तेही मला नंतर सासूबाईंकडून कळलं.

निवड कळली त्या रविवारी ती पेढे घेऊन आली. आम्ही दोघीच ओट्याशी होतो. तिने डबा ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “वहिनी, एक विचारू? बेचाळीसचं तुमाला खरंच म्हाईत न्हवतं?”

तिच्या विचारण्यात राग नव्हता. तिला नुसतं माहीत करून घ्यायचं होतं, जसं तिने घड्याळजींना विचारलं होतं. खरं सांगायला यापेक्षा सोपी वेळ आली नसती. दाराशी कुणी नव्हतं, दूध तापायला वेळ होता. मी म्हणाले असते, माहीत होतं, मला तुझा हेवा वाटला, तर ती रडली असती, मी रडले असते, आणि पुढच्या रविवारी पुन्हा माझ्या टेबलाशी आली असती. तिचा स्वभाव मला माहीत आहे.

“नव्हतं गं,” मी म्हणाले. “विसरले होते.”

 तिने डब्याचं झाकण नीट लावलं. “व्हतं असं,” ती म्हणाली. “मी उगी तुमच्यावर लई भार टाकते.”

तिला खरं कळलं, का तिने माझ्यावर विश्वास ठेवला, हे मला आजपर्यंत विचारता आलेलं नाही. वागण्यात फरक नाही. रविवारी येते, सासूबाईंजवळ बसते, मला भाजी निवडू लागते, मुलांच्या परीक्षांचं विचारते. लॅपटॉप तिच्या पिशवीतच असतो. त्या दिवसापासून तिने मला एक ओळही वाचायला दिलेली नाही. तिचं नवं लिखाण त्या पानावर येतं तेव्हा इतरांबरोबर मीही वाचते, आणि खाली ‘तपासणारे’ म्हणून त्या दूरदेशच्या म्हाताऱ्याचं नाव असतं. तो तिच्या एकेका आकड्यावर शंका काढतो, ती भांडते, तो समजावतो, ती ऐकते. हल्ली मला नणंदेपेक्षा त्याचाच जास्त हेवा वाटतो.